पंखाच नसलेला घरचा सर्व्हर

घरातल्या सगळ्यांचे फोटो आणि व्हिडिओ एका जागी राहावेत म्हणून मी आधी जुना डेस्कटॉपच चोवीस तास चालू ठेवला होता. दिवसा काही जाणवायचं नाही, पण रात्री नुसती घरघर, शेवटी आई म्हणाली एकतर हा डबा तरी बंद कर नाहीतर मी आत जाऊन झोपते.

घरघर करतो तो पंखा आणि पंखा लागतो उष्णतेमुळे. कॉम्प्युटर जेवढी वीज खातो तेवढी जवळपास सगळी शेवटी उष्णताच होते, म्हणजे १०० वॉट खाणारा डबा हा १०० वॉटचा हीटर झाला की! त्यामुळे महागडा शांत पंखा शोधत बसण्यापेक्षा मुळात वीजच कमी खाणारं मशीन बघायचं. प्रोसेसर चालताना जी वीज लागते ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे वेग तोच ठेवून १.२ व्होल्टचं ०.८ केलं तर खर्च निम्म्याहूनही खाली येतो, आणि कमी वेगाला कमी व्होल्टेज पुरतं म्हणून दुहेरी फायदा. फोटो साठवायला वेग हवाय कोणाला?

मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड थिन क्लायंट आणला. हे छोटे कॉम्प्युटर बँका, ऑफिसांमध्ये वापरतात, खरं काम लांबच्या सर्व्हरवर होतं म्हणून यात छोटा प्रोसेसर आणि बऱ्याच मॉडेल्सना पंखाच नसतो, नुसता अॅल्युमिनियमचा हीटसिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा. त्यावर डेबियन ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, फाईल्स शेअर करायला सांबा, बास. दोन्ही फुकट. १०० वॉटने वर्षाला ८७६ युनिट जातात, १० वॉटने साधारण ८८, बिलाचा हिशोब तुम्हीच करा.

फक्त त्याला उभं ठेवायचं. गरम हवा वर जाते, खालून गार आत येते, तेवढ्यावरच त्याचं भागतं. आमच्याकडे आईने हौसेने त्यावर क्रोशाचं कव्हर घातलं आणि डबा चटका बसेल इतका तापला 😅 मे महिन्यात तर खोलीच ४० अंशांवर गेली की हीटसिंक आणि हवेतला फरक कमी होतो, मग उष्णता बाहेर पडायलाही वेळ लागतो.

एवढं करूनही बारीक गुणगुण राहिलीच होती. ती हार्ड डिस्कची निघाली. मिनिटाला ५४०० फेरे म्हणजे सेकंदाला ९०, तो ९० हर्ट्झचा खर्ज टेबलात उतरतो आणि टेबल तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखं घुमतं. खाली भांडी घासायचा स्पंज ठेवला, गप्प! पुढे एसएसडी घेतली, म्हणजे चिपवर डेटा साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नाही.

पण हार्ड डिस्क मरायच्या आधी बऱ्याचदा टकटक तरी करते, एसएसडी तेही करत नाही. म्हणून ती जुनी डिस्क मी टाकली नाहीये, महिन्यातून एकदा स्पंजवर ठेवून सगळं तिच्यावर कॉपी करतो आणि परत बाबांच्या कपाटात.