पाटणे (पाटणादेवी परिसरातलं ओस नगर)

पाटणे : जळगाव जिल्हा, चाळीसगाव तालुका. चाळीसगावच्या नैर्ऋत्येला सातमाळ्याच्या पायथ्याशी, आजच्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्याला लागून असलेली जुन्या शहराची जागा. बोलण्यात सगळे इथल्या देवीवरून पाटणादेवीच म्हणतात. नवरात्रातली गर्दी, केदारकुंड, धवलतीर्थ हे खानदेशात सगळ्यांना माहीत आहे म्हणून त्याचा विस्तार इथे करत नाही. बाराव्या-तेराव्या शतकात इथे एक नांदतं शहर होतं आणि आता त्या जागी साग, पळस न् घाणेरी आहे, तर ते शहर डोळ्यापुढे आणायचं कशाच्या आधाराने, हा नोंदीचा विषय.

नाव : पाटण म्हणजे पत्तन, मोठं गाव, पेठ. त्यामुळे शिलालेखात ‘इयां पाटणीं’ असं येतं तिथे ‘या पाटण नावाच्या गावात’ असा अर्थ घ्यायचा की नुसतं ‘या शहरात’ असा, हा प्रश्न पडतो. दोन्ही बसतात, पण शहर गेल्यावरही जागेला पाटणे हेच नाव राहिलंय म्हणजे बोलताना ते विशेषनाम झालेलंच असावं, असं मानणं जास्त बरं.

अशा जागांना आपण सरसकट ‘बेचिराख’ म्हणतो, त्याबद्दलही थोडं सांगायला हवं. शब्द फारसी, बे-चिराग, ज्याच्यात दिवा लागत नाही ते. मराठीत चिरागचं चिराख झालं (चिराखदान आठवा) आणि मग शेवटच्या ‘राख’मुळे लोकांना वाटायला लागलं की जळून राख झाली ते बेचिराख, म्हणून तर ‘जाळून बेचिराख केलं’ असं आपण सहज बोलतो. मुळात जाळण्याचा काही संबंध नाही. महसुलाच्या भाषेत जुना अर्थ अजून शाबूत आहे, बेचिराख गाव म्हणजे ज्याचं नाव, शीव (हद्द) आणि जमीन दप्तरात चालू आहे पण संध्याकाळी दिवा लावायला घरच नाही. खानदेशात अशी गावं फिरताना लागतात, शेताच्या मधोमध एकटा मारुती असतो, आणि काळ्या रानात तेवढाच पट्टा पांढुरका दिसतो. ती पांढर, म्हणजे पडलेल्या मातीच्या भिंती, धाबी, चुलीची राख, शेणमूत हे सगळं शेकडो वर्षं एकावर एक बसून झालेली माती. पीक चांगलं येतं म्हणून लोक ती बैलगाड्या भरून शेतात नेऊन टाकायचे आणि त्यासोबत खापरं, मणी, नाणी पण जायची. पाटण्याला बेचिराख हा शब्द महसुली अर्थाने मात्र लागत नाही, आजचं पाटणे गाव जवळच आहे आणि तिथे दिवे लागतात.

शिलालेख : शहराची खरी साक्ष म्हणजे देवीच्या जुन्या पडक्या देवळात मिळालेला चांगदेवाचा लेख. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला (प्रसिद्धी १८६५), पुढे जर्मन संस्कृत पंडित कीलहॉर्नने कोरीव लेखांच्या ‘एपिग्राफिया इंडिका’ या मालेच्या पहिल्या खंडात त्याचं संपादन केलं आणि मराठी भागाचा विचार शं. गो. तुळपुळ्यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’मध्ये (१९६३) आहे. चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू, देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. भास्कराचार्यांचे आणि त्यांच्या घराण्यातले ग्रंथ शिकवायला त्याने इथे मठ काढला, आणि यादवांचे मांडलिक निकुंभ घराण्यातले सोइदेव व हेमाडिदेव यांनी त्याला दान दिलं. निकुंभांचं ठाणं इथेच होतं, त्यांचा शके १०७५ (इ. स. ११५३) चा आणखी एक लेख इथल्या महादेवाच्या देवळासंबंधी आहे.

चांगदेवाच्या लेखाच्या सालाचा घोळ समजून घेण्यासारखा आहे. लेखात शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहण असं दिलंय. शके ११२८ म्हणजे साधा हिशोब करून १२०६-०७, म्हणून मराठी पुस्तकांत बऱ्याचदा १२०६ छापलेलं असतं. पण दक्षिणेच्या साठ संवत्सरांच्या चक्रात प्रभव येतो तो शके ११२९ ला. पडताळा सोपा आहे, शके १९०९ (१९८७-८८) हे प्रभव होतं, त्यातून साठ-साठ करत तेरा वेळा मागे या, शके ११२९ वरच पोचता. आणि ९ ऑगस्ट १२०७ ला चंद्रग्रहण होतंच. कीलहॉर्ननेही हाच दिवस धरलाय. शकाचा आकडा एकाने कमी-जास्त पडणं लेखांत नवीन नाही पण संवत्सर आणि ग्रहण दोन्ही एकदम चुकणं अवघड, त्यातून दान देवविणारा स्वतः ज्योतिषी, म्हणून इथे १२०७ च धरलंय.

लेखाचा बराचसा भाग संस्कृत श्लोकांचा, घराण्याची थोरवी सांगणारा. शहर मात्र दिसतं ते शेवटच्या मराठी ओळींत. ‘इयां पाटणीं जें केणें उघटे’, म्हणजे या पाटणात जो माल विक्रीला उघडला जाईल, त्यावर गिऱ्हाईकाकडून राजाला जे मिळायचं ते मठाला दिलं. केणं हा शब्द आता गेला, पण गाठोडं सोडून माल मांडणं त्या ‘उघटे’मध्ये अजून दिसतं. पुढे पाच पोफळी येतात, सुपाऱ्या. मग तेलाच्या घाण्यांचं : ‘जेती घाणे वाहाति तेतियां प्रति पळी पळी तेला’, जितके घाणे चालतील तितक्यांमागे एक-एक पळी तेल. आणि मोजायचं ते मठाच्या मापाने. वाचनात संपादकागणिक थोडा फरक आहे, पण पळीभर तेलाबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. एक घाणा असता तर ‘जेती’ लिहायची गरजच पडली नसती, म्हणजे घाणे बरेच, म्हणजे तेली, बैल, गळिताची शेती, पेंड, आणि तेल विकत घेणारी घरं. मला विचाराल तर अख्ख्या लेखात एवढी जिवंत ओळ दुसरी नाही, आपल्याकडच्या माणसाला तर घाण्याचा करकर आवाजसुद्धा ऐकू येतो. देवळाचे खांब बघून राजा कळतो, शहर कळत नाही.

भास्कराचार्यांचं जन्मगाव : जन्म शके १०३६ (१११४), ‘सिद्धांतशिरोमणी’ वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, हे त्यांनीच सांगितलंय. गाव ‘सह्यकुलाचलाश्रितपुरे… विज्जडविडे’, म्हणजे सह्याद्रीच्या आश्रयाने असलेलं विज्जडविड. हे विज्जडविड म्हणजे कोणी विजापूर म्हणतात, कोणी बीड, आणि खानदेशात पाटणे किंवा त्याच्या आसपासचं गाव. विजापूर सह्याद्रीपासून बरंच लांब पडतं आणि बीडला मुख्य आधार नावाच्या सारखेपणाचा. सातमाळा ही सह्याद्रीचीच फांदी, त्यामुळे पाटण्याकडचं पारडं जड आहे. पण नातवाने मठ इथे काढला म्हणून आजोबा इथेच जन्मले असं होत नाही, एवढं भान ठेवून.

ओस पडणं : यादवांची सत्ता १३१८ ला संपली. पुढे खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या काळात थाळनेर-बऱ्हाणपूर पुढे आलं, म्हणजे खानदेशाचा भार डोंगरपायथ्यावरून तापीकाठी सरकला, आणि देवगिरीकडे चढणाऱ्या वाटेवरची ही पेठ त्यातच हळूहळू मोडली असावी. १८०३-०४ च्या दुष्काळाने तर जिल्ह्यातली गावंच्या गावं रिकामी केली. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये पाटणे उजाड जागा म्हणूनच येतं.

वाळवंटातल्या ओस शहरांशी तुलना : कच्छच्या रणातलं धोलावीरा (जागतिक वारसा यादीत २०२१) साडेतीन हजार वर्षांनंतरही रस्ते, हौद, वेशीसकट ओळखू येतं, कोरड्या हवेत झाडोरा कमी आणि वर कोणी नवं गाव वसवलं नाही. पाटण्यात उलटं, दर पावसाळ्यात मुळं भिंतींत शिरतात, माती डोंगरी नदीला जाते, घडीव दगड कोणाच्या तरी बांधाला लागतो. म्हणून तिथे नकाशा राहिला आणि इथे देवळं अन् लेख.

मात्र हा भाग कायम असा हिरवा नव्हता. याच पाटण्याला पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांच्या उत्खननात (१९७२-७३) शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला तुकडा मिळाला, काळ साधारण २५,००० वर्षांपूर्वीचा. शहामृग दाट जंगलात राहत नाही, त्याला उघडं, कोरडं गवताळ रान लागतं. त्या नक्षीत दोन समांतर रेघांच्या मध्ये आडव्या-तिरप्या रेघांची जाळी आहे.