घास पोटात गेला, पण शरीरात कधी गेला?

पचनसंस्थेचा धडा सुरू करण्याआधी मुलांच्या हातात एक कागद द्यावा. त्यावर माणसाची नुसती बाह्यरेषा असावी. सकाळी खाल्लेली पोळी आणि तिच्यावर प्यायलेलं पाणी पुढे कुठे कुठे जातं, ते त्यांना काढायला सांगावं. पुस्तक बंद, कुणाला विचारायचं नाही.

जे कागद परत येतात ते जपून ठेवण्यासारखे असतात. बऱ्याच मुलांनी गळ्यापासून दोन नळ्या काढलेल्या असतात, एक पोळीची आणि एक पाण्याची. पाण्याची नळी थेट मूत्राशयात उतरते. कुणी छातीखालचा सगळा भाग व्यापणारी एकच मोठी पिशवी काढतं आणि तिच्यावर ‘पोट’ असं लिहितं. कुणाचा बाण यकृतातून आरपार जातो, कारण पुस्तकातल्या आकृतीत यकृत नळीला खेटून दाखवलेलं असतं. एक गोष्ट मात्र जवळजवळ कुठल्याच कागदावर नसते: अन्न नळीतून बाहेर पडून रक्तात जातं, हे दाखवणारा बाण.

माझ्या मते या धड्याचा प्राण त्या न काढलेल्या बाणात आहे. आपण मुलांकडून मुख, ग्रसनी, अन्ननलिका, जठर, लहान आतडं, मोठं आतडं, गुदद्वार ही नावं क्रमाने पाठ करून घेतो. मुलं आकृतीला अचूक नावं देतात, पूर्ण गुण मिळवतात, आणि तरीही खाल्लेल्या पोळीचं पायातल्या स्नायूपर्यंत काय पोचलं हे त्यांना सांगता येत नाही. तोंडापासून गुदद्वारापर्यंतची नळी दोन्ही टोकांना उघडी आहे. तिच्या पोकळीत जे आहे ते अजून शरीराच्या आत आलेलं नाही. पेरू खाल्ला की त्याच्या बिया एक-दोन दिवसांनी जशाच्या तशा बाहेर पडतात. ती बी जठरात घुसळली गेली, सगळ्या आतड्यांतून फिरली, पण शरीरात ती कधी शिरलीच नाही. हे उदाहरण दिलं की वर्ग क्षणभर गप्प होतो आणि मग प्रश्नांचा पाऊस पडतो.

बी का शिरली नाही? कारण आतड्याच्या भिंतीतून फक्त फार लहान कण जाऊ शकतात. पोळीतलं पिष्ट, डाळीतलं प्रथिन, तुपातला मेद हे सगळे त्या भिंतीच्या मानाने अवाढव्य रेणू आहेत. त्यांचे तुकडे करणं म्हणजे पचन. पचन कशासाठी, हे कळलं की हे तुकडे करणाऱ्या विकरांची (एन्झाइम्सची) यादी मुलांना निरर्थक वाटत नाही.

तुकडे होताना प्रत्यक्ष पाहता येतात, आणि तेही एका तासिकेत. भाताची पेज गाळून चांगली पातळ करावी. पांढऱ्या बशीत पातळ आयोडीनचे थेंब ओळीने ठेवावेत. घोटभर पाणी तोंडात घोळवून पेल्यात घ्यायचं, म्हणजे लाळ मिळते. प्रत्येकाने फक्त स्वतःचीच लाळ वापरायची आणि भांडी स्वतःच धुवायची. कोमट पेजेत लाळ मिसळली की दर मिनिटाला त्यातला एक थेंब आयोडीनच्या पुढच्या थेंबावर सोडायचा. पहिला गर्द निळा होतो, जवळजवळ काळा. पुढचे जांभळट, मग तांबूस तपकिरी. शेवटी आयोडीनचा मूळचा पिवळसर रंग तसाच राहतो, कारण पिष्टाच्या लांब साखळ्या तोपर्यंत तुटून गेलेल्या असतात. लाळेतल्या अमायलेज या विकराचं हे काम आहे. लाळ न घातलेली पेज शेजारी ठेवावी, ती शेवटपर्यंत निळाच रंग देते.

हा प्रयोग फसतो तो ठरावीक कारणांनी. पेज दाट असेल तर तासिका संपली तरी निळा रंग हटत नाही. पेज कढत असेल तर विकर निकामी होतं. आणि आम्लाचा परिणाम दाखवायचा असेल तर लिंबू वापरू नये. लिंबातलं क जीवनसत्त्व आयोडीनचा रंगच घालवतं, त्यामुळे पिष्ट शिल्लक असूनही ते पचल्यासारखं दिसतं. त्याऐवजी थोडं व्हिनेगर घालावं. आम्लात अमायलेज थंडावतं आणि निळा रंग टिकतो. जठरात गेल्यावर लाळेचं काम का थांबतं, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

जठराला मुलं सगळं श्रेय देतात. ते फुगतं, गुरगुरतं, दुखतं, म्हणून ते जाणवतं. त्याची गोष्टही मोठी आहे. १८२२ साली उत्तर अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण मजुराला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जठरात उघडणारं भोक कायमचं राहिलं. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने १८२५ पासून त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडून ते कधी आणि कसे विरघळतात हे पाहिलं. जठररस बाटलीत काढून ऊबदार ठेवला, तर मांस त्यातही विरघळलं. म्हणजे पचन हे निव्वळ दळणं नव्हे, ती रासायनिक क्रिया आहे. १८३३ साली हे सगळं पुस्तकरूपाने आलं. मात्र सेंट मार्टिन गरीब होता, निरक्षर होता आणि याच डॉक्टरकडे चाकरीला होता. त्याच्या संमतीला किती अर्थ होता, हा प्रश्नही मुलांपुढे ठेवायला हवा.

जठर प्रथिनांचं पचन सुरू करतं, आम्लाने बहुतेक जंतू मारतं आणि अन्न साठवून थोडं थोडं पुढे सोडतं. भिंतीपलीकडे मात्र ते फारसं काही जाऊ देत नाही. कर्करोगामुळे ज्यांचं संपूर्ण जठर काढावं लागतं ती माणसंही जगतात. थोडं थोडं, अनेकदा खातात आणि बी-१२ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं घेतात. लहान आतड्याशिवाय मात्र तोंडाने खाऊन कुणी जगू शकत नाही.

लहान आतडं दाखवायला घरातली सहावारी साडी आणावी. ती सुमारे साडेपाच मीटर असते. पुस्तकातलं आतडं सहा मीटरचं असतं, पण ते माप मृत्यूनंतरच्या सैल आतड्याचं आहे. जिवंतपणी स्नायू आखडलेले असल्याने लांबी बरीच कमी भरते. आता त्या साडीच्या निऱ्या घालाव्यात. आतड्याच्या अस्तरालाही अशाच घड्या असतात. घड्यांवर मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी उंचीचे बोटांसारखे उंचवटे, आणि त्यांच्या प्रत्येक पेशीवर सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारे आणखी बारीक उंचवटे. हे क्षेत्रफळ टेनिसच्या मैदानाएवढं असतं असं अजूनही लिहिलं जातं. २०१४ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी नव्याने मोजणी केली, तेव्हा संपूर्ण पचनमार्गाचं अस्तर सरासरी ३२ चौरस मीटरच्या आसपास भरलं. मुलांना हाच आकडा सांगावा.

यकृत आणि स्वादुपिंड यांच्यातून अन्न जात नाही, त्यांचे रस नळीत येतात, एवढं ठसलं तरी पुरे. पित्ताचं काम दाखवायला पाण्यावर तरंगणाऱ्या तेलात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब घालून हलवावं; तेलाचे जसे बारीक थेंब होतात, तसेच पित्त मेदाचे करतं.

आता पाण्याचा हिशेब. आपण पितो साधारण दोन लिटर. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि आतड्याचा रस मिळून रोज आणखी सुमारे सात लिटर द्रव नळीत ओतला जातो. नऊ लिटरपैकी मलावाटे बाहेर जातं जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर. बाकी सगळं भिंतीतून रक्तात परततं. रक्तातून मूत्रपिंड, तिथून मूत्राशय, हा पाण्याचा खरा रस्ता. आणि हा हिशेब बिघडला की जुलाब.

पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, नेमकं हेच होतं. पटकीच्या जंतूंचं विष आतड्याच्या पेशींना मीठ आणि पाणी बाहेर ओतायला लावतं. हे विष कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ साली सशाच्या आतड्यावरच्या प्रयोगातून दाखवून दिलं. अशा वेळी नुसतं पाणी पाजून भागत नाही. पण भिंतीत ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीनेच आत घेणारं एक दार असतं, आणि ते पटकीतही चालू राहतं. जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये ही कल्पना मांडली, आणि १९६८ मध्ये ढाक्यात तिचा आधार घेणारं पेय रुग्णांवर यशस्वी ठरलं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथल्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते पिंपांतून वाटायला लावलं. नातेवाईकच रुग्णांना पाजू लागले. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं.

हे पेय वर्गात करून घ्यावं: उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. ‘जास्त साखर घातली तर जास्त ताकद येईल ना?’ असं कुणीतरी विचारतंच. तसं होत नाही. दारातून जाऊ शकते त्याहून जास्त साखर नळीत उरली, तर ती रक्तातलं पाणी उलट आतड्यात ओढून घेते आणि जुलाब वाढतात. जुलाब झालेल्या लहान भावंडाला बाटलीतलं गोड शीतपेय देऊ नये ते याच कारणाने.