लोकेशन मागतो म्हणजे काळजी करतो?

"सारखं लोकेशन मागतो, म्हणजे किती जीव आहे बघ!" ठाण्यात काय नि वाशीत काय, नवरा असो की बॉयफ्रेंड, मैत्रिणींपासून मावश्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी हेच. साफ चूक.

काळजी करणारा "पोचलीस का?" विचारतो आणि उत्तर मिळालं की आपल्या कामाला लागतो. पाळत ठेवणाऱ्याला उत्तर पुरत नाही. वाशी लोकल ऐरोलीला उभी, आणि फोनवर चालू: "व्हिडिओ कॉल कर, डबा दाखव. लेडीजच आहे ना?" रेंज गेली की हिच्या पोटात गोळा. हा काही तिचा संशयी स्वभाव नव्हे. मागच्या वेळी कॉल चुकला तेव्हा काय झालं, ते लक्षात राहिलेलं असतं. अर्थात, आपलं मन चुकतंही कधीकधी. मग खात्री करायला त्याच्या एखाद्या लहानशा गोष्टीला नाही म्हणून बघा (मारहाणीची भीती असेल तिथे मात्र नको). तासभर फुगून बसला तर ठीक, माणूस आहे. चार दिवस अबोला धरून वचपा काढला, तर समजायचं ते समजा.

"हात तर उचलत नाही ना!" हाही गैरसमजच. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात शिवीगाळ, मानसिक छळ, पैशांची अडवणूक हे सगळं येतं; लग्नासारख्या सहजीवनालाही तो लागू आहे. स्पष्ट नकारानंतरही पुरुष मागे लागून वारंवार संपर्क साधत असेल, किंवा तिच्या इंटरनेट-ईमेलवर नजर ठेवत असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली तो गुन्हा आहे. म्हणून नकार मेसेजवर लेखी द्या, आणि रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका. महिला हेल्पलाइन १८१, तातडीसाठी ११२.