नस चढत नाही बाप्पा, पोटरी आखडते

दिवसभर कापूस वेचून आलेली आमची काकू रात्री ओरडत उठली की घरचे लगेच म्हणणार, "नसीवर नस चढली, चोळाले कोणाले तरी बोलवा." पण नस कुठंच चढत नसते, ती आपल्या जागीच असते, हाताले जो दगडावानी गोळा लागते तो पोटरीचा स्नायू आहे, गॅस्ट्रोक्नेमियस, आपोआप आखडलेला. ह्याची वरची दोन टोकं गुडघ्याच्या वर मांडीच्या हाडावर, त्याच्याखाली सोलियस नावाचा चपटा स्नायू, अन दोघं मिळून अकिलिस नावाच्या जाड दोरीनं टाचेले बांधलेले. म्हणूनच गुडघा वाकवून पाय ओढला तर वरचा स्नायू पुरता ताणल्याच जात नाही. गुडघा सरळ ठेवा, पायाची बोटं नडगीकडं ओढा, अर्धा मिनिट धरा, गोळा सुटताना हाताले कळते. काळा दोरा बांधणारे बांधोत बिचारे, गोळा तसाही थोड्या वेळानं सुटतेच, नाव दोऱ्याचं होते.

हां, एकच पोटरी सुजली, गरम लागते अन दुखणं जातच नाही, तर बिलकुल चोळू नका, रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरकडं जा.