पाकिटातली ओल आणि करातली मेख

हाताने सिगारेट वळायच्या तंबाखूच्या पाकिटाची घडी उलगडली की केसांसारखे बारीक कापलेले, किंचित दमट धागे दिसतात. चिमटीत दाबले तर ते एकमेकांना धरून राहतात. तेच पाकीट काही दिवस उघडं राहिलं तर धागे कडक होतात, वळताना मोडतात आणि कागदात नुसता भुगा उरतो. या तंबाखूत वजनाच्या साधारण 18 ते 20 टक्के पाणी असतं, तयार सिगारेटमध्ये बरंच कमी. यंत्राचं कोरड्या तंबाखूवर भागतं, बोटांचं नाही. ही ओल टिकावी म्हणून ग्लिसरॉल, प्रोपिलीन ग्लायकॉल असे पाणी धरून ठेवणारे पदार्थ मिसळतात आणि पाकीट हवाबंद होईल असं करतात. तेव्हा 'सुटी तंबाखू म्हणजे शुद्ध पान' या समजुतीत काही दम नाही. जळल्यावर टार आणि कार्बन मोनॉक्साइड इथेही निघतातच.

पाकीट कशाचं असावं हे ओल ठरवते. त्यात किती ग्रॅम भरायचे हे सरकार. ब्रिटनमध्ये पूर्वी साडेबारा ग्रॅमचं चिमुकलं पाकीट मिळायचं. मे 2016 पासून युरोपीय संघाचा नवा निर्देश लागू झाला आणि किमान वजन 30 ग्रॅम झालं. लहान पाकीट स्वस्त पडतं, म्हणजे कोवळ्या वयातल्या गिऱ्हाइकाच्याही आवाक्यात येतं. शिवाय पुढच्या-मागच्या बाजूचा 65 टक्के भाग धोक्याच्या इशाऱ्याला द्यायचा, तर तेवढी जागा हवीच. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर 2012 पासून सगळ्याच पाकिटांना एकच मळकट तपकिरी रंग दिला. सुरुवातीला त्याला 'ऑलिव्ह' म्हटलं गेलं, तर ऑलिव्हवाले बागायतदारच नाराज झाले!

खरी गंमत करात आहे. तयार सिगारेट नगावर मोजता येते, सुटी तंबाखू वजनावर. युरोपात 2020 पासून सुट्या तंबाखूवर किलोमागे किमान 60 युरो अबकारी कर आहे, तर हजार सिगारेटींवर किमान 90 युरो. एका सिगारेटीत 0.7 ग्रॅम धरले तर किलोभर तंबाखूत सुमारे 1400 सिगारेटी होतात, आणि तेवढ्याच तयार सिगारेटींवर कर बसतो 126 युरो. निम्म्याहून जास्त वाचले. ऑस्ट्रेलियाने ही फट बुजवायला 'एका सिगारेटीत किती तंबाखू' हा हिशेबातला आकडाच 2017 ते 2020 दरम्यान 0.8 वरून 0.7 ग्रॅमवर आणला. आकडा घटला की एका किलोत जास्त सिगारेटी धरल्या जातात, म्हणजे किलोमागचा कर वाढतो.

मग करासाठी 'बारीक कापलेली' म्हणजे किती बारीक? युरोपने मोजपट्टीच लावली: एक चतुर्थांशाहून जास्त वजनाचे धागे दीड मिलिमीटरपेक्षा अरुंद असतील तर ती वळायची तंबाखू.

अमेरिकेकडे अशी मोजपट्टी नव्हती. तिथल्या व्याख्येचा भर होता दिसण्यावर, वेष्टनावर आणि लेबलवर. एप्रिल 2009 मध्ये वळायच्या तंबाखूवरचा संघीय कर एक पौंड वजनामागे 1.10 डॉलरवरून थेट 24.78 डॉलरवर गेला. पाइपच्या तंबाखूवर मात्र फक्त 2.83. त्या जानेवारीत पाइपच्या तंबाखूची विक्री महिन्याला सुमारे 2.4 लाख पौंड होती. सप्टेंबर 2011 मध्ये ती 30 लाखांच्या पुढे गेली. पाइप ओढणारे काही एवढे वाढले नव्हते. पिशवीवरचा शब्द बदलला होता, आतली तंबाखू पूर्वीसारखीच कागदात वळली जात होती.