रेप्लिकेशनसाठी जुना पासवर्ड प्लगिन लागतोच? अजिबात नाही

मायएसक्यूएल या डेटाबेसची ८.० आवृत्ती आल्यापासून (२०१८) एक सल्ला फिरतोय, रेप्लिका (मूळ सर्व्हरची, म्हणजे सोर्सची, सतत नक्कल ठेवणारा सर्व्हर) कनेक्ट होत नसेल, एरर २०६१ येत असेल तर रेप्लिकेशनचा युजर सरळ मायएसक्यूएल नेटिव्ह पासवर्ड या जुन्या प्लगिनवर (लॉगिनची ओळख पटवण्याच्या पद्धतीवर) टाका. चालतं हो, पण कारण भलतंच सांगितलं जातं की नवीन प्लगिनला, म्हणजे कॅशिंग शा-टू पासवर्डला, रेप्लिकेशन जमत नाही म्हणून.

एररमध्येच लिहिलेलं असतं ना, सुरक्षित कनेक्शन पाहिजे. नवीन प्लगिनला पहिल्यांदा ओळख पटवताना टीएलएस (एन्क्रिप्टेड कनेक्शन) तरी लागतं नाहीतर सर्व्हरची पब्लिक की (पासवर्ड गुप्त करून पाठवायची किल्ली), आणि ८.० मध्ये रेप्लिका यातलं काहीच आपणहून घेत नाही.

गंमत म्हणजे त्याच युजरने हाताने लॉगिन केलं तर होतं, कारण कमांड लाइन क्लायंट न सांगताच टीएलएस वापरतो, आणि त्या लॉगिनने सोर्सच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या मेमरीत) नोंद पडते, मग रेप्लिकापण एकदम जोडली जाते आणि आपल्याला वाटतं आपणच काहीतरी भारी केलं! सोर्स रीस्टार्ट झाला की कॅश रिकामा, रेप्लिका परत जोडायला गेली की तीच एरर. मी यात एक अख्खी रात्र घालवलीये.

रेप्लिकावर चेंज रेप्लिकेशन सोर्स या कमांडमध्ये सोर्स एसएसएल १ करा (म्हणजे टीएलएस चालू), ते जमत नसेल तर गेट सोर्स पब्लिक की १. बास. (८.०.२३ च्या आधी असाल तर सोर्सऐवजी मास्टर लिहा.)

आणि तो जुना प्लगिन ८.४ मध्ये मुळातच बंद असतो, ९.० मधून तर काढूनच टाकलाय.