चाचणी आणि तपासणीबद्दलच्या इंग्रजी शब्दजोड्या

टेस्ट, एक्झाम, चेक, इन्स्पेक्शन ह्या नामांसोबत इंग्रजीत ठरावीक क्रियापदं आणि विशेषणं येतात, अशा नेहमीच्या जोड्यांना कोलोकेशन म्हणतात. 'मेक अ टेस्ट' व्याकरणात बसतं, पण इंग्रजी बोलणारा माणूस 'डू', 'रन' किंवा 'कॅरी आउट' म्हणेल. इंग्रजीचे शिक्षक हॅरल्ड पामरने 1933 मध्ये टोकियोत अशा जोड्यांचा अहवाल काढला, पुढे भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थने 1950 च्या दशकात शब्द त्याच्या संगतीवरून ओळखावा हा विचार मांडला, आणि 1980 नंतर जॉन सिंक्लेअरच्या बर्मिंगहॅममधल्या गटाने कॉम्प्युटरवर मोठा मजकूर चाळून कुठला शब्द कुणासोबत किती वेळा येतो ते मोजायला घेतलं. जर्मन अभ्यासक हाउसमानचं म्हणणं थोडं वेगळं, जोडीतला एक शब्द मुख्य असतो आणि दुसरा त्याच्या मर्जीने निवडला जातो. ह्या विषयापुरतं तरी हेच जास्त पटतं, कारण इथे नाम आधी डोक्यात येतं आणि अडतं ते क्रियापदाशी.

क्रियापदावरून माणूस टेबलाच्या कुठल्या बाजूला बसलाय ते कळतं. विद्यार्थी एक्झाम 'टेक' करतो, ब्रिटनमध्ये 'सिट' सुद्धा करतो, कॅनडात 'राइट' करतो. शिक्षक ती 'गिव्ह' करतो, पेपर काढणारा 'सेट' करतो, हॉलमध्ये देखरेख करणारा ब्रिटनमध्ये 'इन्व्हिजिलेट' तर अमेरिकेत 'प्रॉक्टर' करतो, आणि पेपर तपासणं ब्रिटनमध्ये 'मार्क', अमेरिकेत 'ग्रेड'. आपण मराठीत परीक्षा देतो म्हणून 'आय गेव्ह ॲन एक्झाम' तोंडात पटकन येतं, पण लंडन-न्यूयॉर्कच्या माणसाला त्यातून बोलणारा शिक्षक आहे असं वाटू शकतं. पास आणि फेलच्या पुढे 'इन' लागत नाही, नुसतं 'फेल्ड द टेस्ट'. पेशंट टेस्ट 'अंडरगो' करतो, लॅब ती 'रन' करते, रिझल्ट 'कम बॅक' करतात, निगेटिव्ह किंवा पॉझिटिव्ह.

सगळ्यात जास्त वाद 'ॲसिड टेस्ट'च्या, म्हणजे खरं-खोटं ठरवणाऱ्या पक्क्या कसोटीच्या, उगमावर आहे. काळ्या दगडावर धातू घासायचा, उठलेल्या रेघेवर नायट्रिक आम्लाचा थेंब टाकायचा, पितळेची रेघ विरघळून जाते आणि सोन्याची तशीच राहते. मराठीतला कस लावणे हा प्रयोगही त्याच दगडावरचा. लोकप्रिय सांगणं असं की ही जोडी 1848-49 च्या कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या धावपळीत जन्मली, आणि पुष्कळ ठिकाणी तेच छापलेलं दिसतं. पण दगडाची पद्धत फार जुनी आहे, ग्रीक लेखक थिओफ्रास्टसने इ.स.पू. 300 च्या आसपास तिचं वर्णन केलंय, आणि नायट्रिक आम्ल युरोपात मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून माहीत होतं. म्हणजे खाणीवर गेलेल्या लोकांनी ही परीक्षा वापरली असेल, शब्दही पसरवला असेल, पण परीक्षा त्यांची नव्हे. लाक्षणिक वापर साधारण 19 व्या शतकातला धरावा, त्याहून नेमकं वर्ष न धरलेलं बरं.

मूळ 'टेस्ट' हा शब्दसुद्धा धातूकामातलाच. लॅटिनमध्ये मातीच्या भांड्याला टेस्टुम म्हणायचे, तिथून जुन्या फ्रेंचमार्गे साधारण 14 व्या शतकात तो इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ सोनं-चांदी शुद्ध करायची छोटी सच्छिद्र मूस. त्यात अशुद्ध धातू शिशासोबत वितळवायचा, शिसं हवेने जळून त्याची राख मुशीत मुरते, हिणकस धातूही सोबत घेऊन जाते, आणि वर चकचकीत मणी राहतो. काहीजण साक्षीदार ह्या अर्थाच्या 'टेस्टिस'शी नातं जोडतात, पण भांड्याचं मत जास्त भक्कम दिसतं. 'पुट टू द टेस्ट' ही जोडी ह्याच मुशीतून आली असं मानायला जागा आहे.

तपासणीच्या जोड्यांत सैन्य आणि जहाजं जास्त. 'पास मस्टर' म्हणजे सैनिकांच्या हजेरी-तपासणीत चालून जाणं, हा वापर 16 व्या शतकापासून. 'क्लीन बिल ऑफ हेल्थ' हा बंदर सोडताना जहाजाला मिळणारा दाखला, निघालेल्या बंदरात साथ नाही असं सांगणारा. 'विथ फ्लाइंग कलर्स' मधले कलर्स म्हणजे झेंडे, लढाईनंतरही डोलकाठीवर फडकत राहिलेले.

विशेषणांत टेस्ट 'रिगरस' असते, इन्स्पेक्शन 'थरो' किंवा 'क्लोज', वरवरचं असेल तर 'कर्सरी', न सांगता होणारं 'सरप्राइझ', आणि अधूनमधून नमुना उचलून केलेलं 'स्पॉट चेक'. 'ऑन क्लोजर इन्स्पेक्शन' हे वाक्याच्या सुरुवातीला येतं, आणि बहुतेक वेळा पुढे आधी न दिसलेलं काहीतरी सापडतं. शब्दयोगींत 'टेस्ट फॉर' पुढे शोधायचा पदार्थ किंवा रोग येतो, 'टेस्ट ऑन' पुढे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो प्राणी किंवा परीक्षेचा विषय, आणि 'टेस्ट ऑफ' पुढे धीर, निष्ठा, ताकद असले गुण.